मापाचा ट्रॅक्टर

"मॅडम, फोटो काढून झाला असेल तर उतरता का? मागे लाइन लागलीय."

हे वाक्य कानावर पडलं तेव्हा मालन परब माटुंग्याच्या मैदानात भरलेल्या बाग-प्रदर्शनात, तिथल्या सगळ्यात मोठ्या मिनी ट्रॅक्टरवर बसली होती. दोन्ही हात स्टीअरिंगवर, पाय क्लचवर, आणि चेहऱ्यावर असा तोरा की लालबाग ते परळ रस्ता आता तिला विचारल्याशिवाय कुणी ओलांडू नये. फोटोबिटो तिनं काढलाच नव्हता. तिनं मान वळवून खाली पाहिलं. कंपनीचा निळा शर्ट, गळ्यात 'हेरंब साठे' नावाचं ओळखपत्र, आणि ओठांच्या आधी हसणारे डोळे.

"मी फोटो काढायला नाही, घ्यायला आलेय."

"काय घ्यायला?"

"भाजी," मालन म्हणाली. "ट्रॅक्टरवर बसलेय ना? मग ट्रॅक्टरच घेणार."

हेरंबनं मागच्या लाइनला हात जोडून दुसऱ्या स्टॉलकडे वाट दाखवली. "सॉरी. चुकलंच माझं. कितीचा हवाय?"

"हाच. अठ्ठावीस हॉर्सपॉवरचा."

"का?"

ह्या 'का'ला मालनकडे उत्तर होतं, पण ते परक्या माणसाला सांगण्यासारखं नव्हतं. "ट्रॅक्टर कसा... ट्रॅक्टर दिसला पाहिजे," ती म्हणाली.

"दिसायला छानच आहे तो. पण तुमचं काम काय, जागा केवढी, फाटक किती रुंद, ते आधी कळू दे. छोट्या बागा असतील तर पंधराचा पुरेल." त्यानं कोपऱ्यातल्या एका बुटक्या लाल ट्रॅक्टरकडे बोट दाखवलं.

मालननं तिकडे पाहिलं आणि तिच्या नाकाचा शेंडा त्या ट्रॅक्टरइतकाच लाल झाला. "हे? जत्रेत मुलांना बसवतात ते?"

लालबागच्या चाळीत राहणाऱ्या पोरीला ट्रॅक्टर कशाला, असं तुम्हीही विचाराल. अख्खी तुळशीदास चाळ विचारतच होती. तर मालन सोसायट्यांच्या बागा करून द्यायची. सुरुवात गॅलऱ्यांमधल्या कुंड्यांपासून झाली. मग दादरच्या एका सोसायटीचं अंगण, मग भोईवाड्यात देवळामागची पडीक जागा, मग माटुंग्याच्या जुन्या कॉलन्यांमधली हिरवळ. मदतीला शेजारच्या नलूमावशी आणि त्यांच्या चार मैत्रिणी, हत्यारं म्हणजे कुदळ नि फावडं. आणि आता तिच्यासमोर एक मोठं काम आलं होतं. परळला एका बंद गिरणीच्या जागेवर टॉवर उभे राहिले होते. गिरणीचं एकच काय ते उरलं होतं, धुराडं. त्याच्याभोवती बाग करायची होती. सोसायटीच्या सेक्रेटरी मानसीताईंनी साफ सांगितलं होतं, "दसऱ्याच्या आत एक पट्टा मशीननं करून दाखव. पटलं तर सगळी बाग तुझी. कुदळी घेऊन वर्षभर खणत बसणार असशील तर आत्ताच राहू दे."

पण बाग ही अर्धीच गोष्ट. त्या गिरणीत मालनच्या आजोबांनी, गुणाजी परबांनी, उमेदीची सगळी वर्षं माग चालवले होते. दसऱ्याला तिथे यंत्रांची पूजा व्हायची, आणि त्या एका दिवशी फाटकातून कामगारांच्या घरच्यांना आत सोडायचे. फक्त घरच्यांना. शेजारी कितीही सलगीचा असो, त्यानं बाहेर थांबायचं. आजी, म्हणजे थोरली मालन, नवं लुगडं नेसून आजोबांच्या मागाला हळदकुंकू वाहायची, आणि आजोबांची छाती अशी फुगायची की सदऱ्याच्या गुंड्या तुटाव्यात. मग संप झाला, फाटक बंद झालं, आणि गुणाजींनी तो रस्ताच टाकला. परळला जायचं तर भोईवाड्याला वळसा घालून जात, पण त्या फाटकासमोरून नाही.

मालनच्या मनात होतं ते इतकंच. ह्या दसऱ्याला आजोबांना त्याच फाटकातून आत न्यायचं, आणि पूजेला यंत्र असेल तिचं स्वतःचं. आता अशा मिरवणुकीला बुटका लाल ट्रॅक्टर कसा चालेल, तुम्हीच सांगा!

"ट्रॅक्टर चाळीच्या अंगणात ठेवणार. फाटकाचं म्हणाल तर," ती हेरंबला म्हणाली, "आमच्या चाळीतून बाप्पाची ट्रॉली निघते. अठरा फुटी मूर्ती असते. तुमचा ट्रॅक्टर तिच्यापुढे काय?"

"मग प्रश्नच मिटला," हेरंब म्हणाला. चूक त्याचीही झाली ती इथेच.

*

दोन दिवसांनी अठ्ठावीसचा ट्रॅक्टर डेमोसाठी टेम्पोतून लालबागला उतरला तेव्हा चारही मजल्यांच्या गॅलऱ्या भरल्या होत्या. मालननं मुद्दाम अबोली रंगाचा कुर्ता घातला होता. हेरंबनं तो पाहिला, मग आपण पाहिला हे तिनं पाहिलं म्हणून घाईघाईनं डिझेलची टाकी पाहिली.

ट्रॅक्टर ऐटीत चाळीच्या तोंडाशी आला आणि थांबला. समोर लोखंडी खांब होता.

टॅक्स्या आत घुसू नयेत म्हणून रोवलेला हा खांब चाळीत सगळ्यांना पाठ आहे. लहानपणी मालन त्याला धरून गरगर फिरायची. खाली कुलूप, आणि कुलपाची किल्ली मंडळाचे जुने कार्यकर्ते अप्पा यांच्या जानव्याला. खांब निघतो दोघांसाठीच, बाप्पासाठी आणि आजाऱ्यासाठी. एकदा नवरदेवाची फुलांनी सजवलेली गाडीसुद्धा बाहेर ठेवून अप्पांनी त्याला बायकोसकट चालत आत आणलं होतं. मालनचं चुकलं ते असं. आपल्या चाळीतून मोठ्यात मोठं काय निघतं, असा विचार केला की तिच्या डोळ्यांपुढे बाप्पाच यायचा, आणि बाप्पा निघतो तेव्हा खांब जागेवर नसतोच!

"अप्पा, जरा किल्ली..." ती म्हणाली.

"बाप्पा हाय काय ह्यो?" अप्पांनी विचारलं. "नाय. आजारी हाय? नाय. मग?"

गॅलऱ्यांमध्ये खसखस पिकली. तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, "मालू, उचलून आत घे गं!" मालनच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. तेवढ्यात हेरंब पुढे झाला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माझी चूक आहे. माप मी घ्यायला हवं होतं. मी न घेताच आणला."

झालं. मालन त्याच्याकडे गर्रकन वळली. "का? तुमची कशी? मी सांगितलं होतं तुम्हाला."

"अहो, पण विचारायचं काम माझं..."

"तुम्ही विचारलंत. उत्तर मी दिलं. चूक माझीय, आणि ती माझीच राहील."

"अर्धी तरी द्या."

"अजिबात नाही."

हेरंब साठेनं आजवर बरीच गिऱ्हाइकं पाहिली होती. चूक दुसऱ्याच्या गळ्यात बांधणारी तर रोजची. पण स्वतःची चूक अशी दागिन्यासारखी मिरवणारी मुलगी त्यानं पहिल्यांदाच पाहिली. टेम्पोत बसल्यावर त्याला आठवलं की ट्रॅक्टर परत चढवताना आपण मागचा पट्टा बांधलाच नाही. तो उतरून पट्टा बांधायला गेला आणि उगाचच वर गॅलरीकडे बघून आला. गॅलरीत कुणीतरी पटकन आत सरकलं... अबोली रंगाचं.

*

पुढच्या वेळी पंधराचा आला, तो थेट धुराड्यापाशी. आदल्या संध्याकाळी हस्ताचा पाऊस पडून गेला होता. जमीन ओली होती, आणि ऊन असं चिडलेलं की मातीतून वाफ येत होती.

"हा बघा," हेरंब उत्साहानं सांगत होता. "ह्या अंगाला खाली पार्किंग आहे. वर जड ट्रॅक्टर नेला तर स्लॅबवर भार. शिवाय मोठा ट्रॅक्टर वळायलाच अर्धी बाग मागतो. हा जागच्या जागी वळेल. आणि चाकं पसरट, गवत फाडणार नाहीत."

"भाराचं पटलं," मालन म्हणाली. "वळण्याचंही पटलं. पण खालच्या जमिनीचं काय?"

"वर दोन फूट चांगली माती टाकलीय. विचारलंय मी."

"सांगायला दोन फूट. ह्या कोपऱ्यात बॉयलर होता, आजोबा सांगतात. वर्षानुवर्षं त्याची राख नि जळक्या विटा इथेच पडल्यात. हा बिचारा दमेल."

"नाही दमणार. बघाच."

त्या बिचाऱ्यानं दहा-बारा पावलं छान नांगरली. मग मागच्या, माती उलथणाऱ्या रोटाव्हेटरची पाती खाली कशावर तरी आदळली, यंत्र उसळलं, इंजिन कण्हलं आणि बंद पडलं. हेरंबनं पुन्हा चालू केलं तर चाकं जागच्या जागी फिरून चिखल उडवू लागली. तो बघायला खाली उतरला, पाय घसरला, आणि कंपनीच्या निळ्या शर्टासकट तो धुराड्याच्या पायथ्याशी चिखलात बसला.

नलूमावशींनी कमरेवर हात ठेवले. "अगो बाय! कंपनीनं रोपटाच पाठवल्यान की! लावून टाकू काय गं मालू?"

मालन इतकी हसली की तिला ट्रॅक्टरचा आधार घ्यावा लागला. हेरंब मात्र उठलाच नाही. चिखलात बसूनच म्हणाला, "चूक माझी. तुम्ही सांगत होतात, मी ऐकलं नाही."

मालनचं हसू हळूहळू वेगळं झालं. तिनं हात पुढे केला. "अर्धी द्या इकडे."

"तुम्ही नव्हती दिलीत मला..."

"तेव्हा ओळखत नव्हते."

"आता ओळखता, मॅडम?"

"मॅडम नाही, मालन. ऊठ आता, नाहीतर मावशी खरंच पाणी घालतील."

त्यानं तिचा हात धरला. तळव्याला घट्टे होते, आणि त्यांच्यात ओल्या मातीचा वास. तो उभा राहिला तरी हात सुटायला जरा वेळच लागला... चिखल चिकट असतो, दुसरं काय!

दुपारी धुराड्याच्या सावलीत बसून मावशींनी डबा उघडला. भाकरी आणि सुक्या जवळ्याची, म्हणजे बारीक कोलंबीची चटणी. "तुका चालता काय रे?" त्यांनी विचारलं. हेरंब दादरच्या साठ्यांचा, तीन पिढ्या बँकेत कारकुनी केलेल्या, वरणभातावर पोसलेल्या घरातला. त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "चालतं. घरी सांगू नका." मालननं त्याच्या भाकरीवर चटणीचा आणखी एक चमचा वाढला.

मग दोघांनी मिळून विचार केला. भार त्याला ठाऊक होता, जमीन तिला. अठ्ठावीसचा स्लॅबवर न्यायचा नाही, पंधराचा जळक्या विटांत टिकायचा नाही. "मधला," तो म्हणाला. "बावीसचा," ती म्हणाली. दोघं एकदमच बोलले.

"पण ह्या खेपेला माप घ्यायचं," मालन म्हणाली.

त्याच संध्याकाळी चाळीच्या तोंडाशी टेपचं एक टोक तिनं खांबाला धरलं, दुसरं त्यानं भिंतीला. मधून शाळकरी पोरं, भाजीच्या पिशव्या, अप्पांची मांजर वाकून जात-येत होती. दोघांनीही टेप सोडली नाही.

"साडेचार फूट," हेरंब म्हणाला. "बावीसचा चारला कमीच भरतो. दोन्हीकडे चार-चार बोटं राहतील."

"कुणाची बोटं? तुझी की माझी?"

"बघावी लागतील..." तो म्हणाला. टेप सर्रकन गुंडाळत तिच्या दिशेनं निघाली, तिच्या मागोमाग तो, आणि वरून अप्पा खोकले.

*

बावीसच्या ट्रॅक्टरनं धुराड्याभोवतीचा पट्टा असा काढला की विचारू नका. जळक्या विटा वर आल्या तशा मावशींच्या मैत्रिणींनी वेचल्या, माती पुन्हा फिरली, भुसभुशीत झाली. स्टीअरिंगवर मालनच होती. मानसीताईंनी सँडल काढून त्या मातीत पाऊल ठेवलं, ते घोट्यापर्यंत आत गेलं. "बाग तुझी," त्या म्हणाल्या.

"एक मागू?" मालननं विचारलं. "दसऱ्याला ट्रॅक्टरची पूजा इथे करायचीय. धुराड्यापाशी. आजोबांना घेऊन येईन."

मानसीताईंनी थोडा विचार केला. "सुट्टीचा दिवस आहे, गर्दी नको. तू आणि तुझ्या घरचे. तेवढेच."

नवा ट्रॅक्टर दसऱ्याच्या आदल्या दिवशी चाळीत आला. खांबाशेजारून चार-चार बोटं राखून तो आत शिरला तेव्हा गॅलऱ्यांमधून हसू नाही, शिट्ट्या आल्या. संध्याकाळी मालन आणि हेरंब त्याच्या बॉनेटवर झेंडूच्या माळा बांधत होते. सुतळी त्याच्याकडे, फुलं तिच्याकडे.

"झालं मग," तो म्हणाला. "डेमो झाला, डिलिव्हरी झाली. आता मला इकडे यायला... म्हणजे कंपनीच्या दृष्टीनं... कारण उरलं नाही."

"सर्व्हिसिंग?"

"पहिली पन्नास तास चालल्यावर."

"पन्नास?" मालननं गाठ जरा जास्तच आवळली. "बरं. परवापासून सकाळ-संध्याकाळ चालवते. पुढच्या आठवड्यात ये."

"काम नसलं तरी चालवणार?"

"चाळीला फेऱ्या मारीन."

हेरंबच्या हातून सुतळीचा गुंडा सुटला आणि घरंगळत खांबापर्यंत गेला. तो आणायला गेला तेव्हा त्याचे कान झेंडूच्या रंगाचे झाले होते. मालननं ते पाहिलं, आणि तिला स्वतःचाच भारी अभिमान वाटला.

*

दसऱ्याला सकाळी गुणाजी परब पांढरं धोतर, पांढरा सदरा, डोक्यावर टोपी घालून खाली उतरले. मालननं त्यांना कुठे जायचं ते तेवढं सांगितलं नव्हतं. ट्रॅक्टरच्या मागे छोटी ट्रॉली, ट्रॉलीत खुर्ची. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून उभे राहिले. "नीट आसा," ते म्हणाले. "ना थोर, ना बारीक." मग ते खुर्चीत बसले. हेरंब आपट्याची पानं त्यांच्या हातात देऊन पाया पडला.

मालननं ट्रॅक्टर चालू केला आणि चाळीच्या तोंडाशी आणला. तेवढ्यात अप्पा पुढ्यात येऊन उभे राहिले. जानव्याची किल्ली त्यांच्या हातात होती. ते खाली वाकले, कुलूप उघडलं, दोघा जणांना हाक मारली, आणि खांब उपटून भिंतीला टेकवला.

"अप्पा!" मालन ओरडली. "बसतो हो तो! मापाचाच घेतलाय!"

"बसतो ते ठाऊक हाय मला. काल बघितला की," अप्पा म्हणाले. "अडतो म्हणून नाय काढला. मान म्हणून काढला. चल, हो पुढं!"

मग तिसऱ्या मजल्यावरून झेंडूची फुलं आली, मग दुसऱ्या, मग सगळीकडून. मालनला पुढचं नीट दिसेना. तिनं मनगटानं डोळे पुसले आणि उघड्या रस्त्यावरून, दोन्ही बाजूंना ऐसपैस जागा सोडून, ट्रॅक्टर बाहेर काढला. त्या दिवशी ती नवसाच्या राणीसारखी दिसत होती, असं नलूमावशी आजही सांगतात, आणि त्यात फारसं खोटं नाही.

भोईवाड्याचं वळण आलं. ती तिकडे वळली नाही. मागे खुर्चीत गुणाजींनी ट्रॉलीची कड घट्ट धरली. "मालन... ह्यो रस्तो..."

"हाच रस्ता, आजोबा. बसा."

फाटक नवं होतं, चकचकीत. पण जागा तीच. वॉचमननं ते उघडलं, ट्रॅक्टर पाहून हसला, आणि ट्रॉलीबरोबर चालत आलेल्या हेरंबपुढे हात आडवा केला. "मैडम, सेक्रेटरी मैडम ने बोला है, सिर्फ आप और घरवाले. ये साहब तो कंपनीवाले हैं ना?"

हेरंब लगेच मागे सरला. "बरोबर आहे त्याचं. मी थांबतो इथे. तुम्ही या पूजा करून."

मालननं इंजिन बंद केलं. रस्ता एकदम शांत झाला. तिला आजीचं ते नवं लुगडं आठवलं, जे तिनं कधी पाहिलंच नव्हतं, फक्त ऐकलं होतं. दसऱ्याला फाटकातून कोण आत जातं, ते तिला लहानपणापासून ठाऊक होतं. तिनं वळून हेरंबकडे पाहिलं. तो मान खाली घालून कुर्त्याची बाही उगाच सारखी करत होता.

"घरचेच आहेत ते," ती वॉचमनला म्हणाली.

हेरंबनं झटकन मान वर केली. "मालन... नीट माप घेतलंस ना? नंतर खांब मध्ये आला तर..."

"घेतलंय. चार बोटंसुद्धा शिल्लक नाहीत."

गुणाजींनी नातीकडे पाहिलं, मग त्या पोराकडे, मग हातातल्या आपट्याच्या पानांकडे. म्हातारा खुर्चीतून उठून ट्रॉलीत ताठ उभा राहिला, जसा कधीकाळी आपल्या मागापाशी उभा राहत असेल तसा.

"ऐकलंस मां रे?" तो वॉचमनवर गरजला. "घरचो आसा तो. सोड तेका आत!"